लॅबमामा

दहाव्याच्या पिंडाला कावळा का शिवत नाही, हे ज्या माणसाला घाटावर चुकूनही विचारू नये, तो माणूस म्हणजे आमचे लॅबमामा. अशा वेळी विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, धीर हवा असतो. मामा उत्तर देतात. वर कृतीही सांगतात.

नांदेडातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी नोकरी गेली. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या विसळायच्या, ब्युरेटचा नळ गळायला लागला की व्हॅसलीन लावायचं आणि पोरांनी फोडलेल्या काचसामानाचे पैसे ‘ब्रेकेज’च्या वहीत मांडायचे. प्राध्यापक येत गेले, बदलून जात गेले. मामा आणि तिथला तराजू तेवढे जागेवर राहिले. प्रयोग का जमतो हे प्राध्यापकांना ठाऊक असायचं, तो का जमत नाही हे फक्त मामांना. लंबकाचं गणित चुकलं म्हणून एखादं पोरगं रडकुंडीला आलं की मामा त्याची वही बघायच्या आधी वरचा पंखा बंद करायचे.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक क्षार ओळखायला देतात. तो ओळखण्याची सोपी रीत अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे: परिचराला आदल्या दिवशी चहा पाजायचा. मामा चहा प्यायचे. दुसऱ्या दिवशी पोरगं कानाशी लागायचं, “मामा, सॉल्ट कोणतं हाय?”

“निळं हाय ना? मग निळं काय काय असतंय ते आठव. चाखून बघू नको, एवढंच सांगतो.”

निवृत्त झाले तेव्हा महाविद्यालयानं शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मामांनी शाल घेतली, श्रीफळ घेतलं आणि घड्याळाऐवजी कपाटात पडून असलेल्या कोऱ्या प्रॅक्टिकल बुकांचा गठ्ठा मागून घेतला. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, दक्षता असे रकाने छापलेल्या त्या वह्या. तेव्हापासून तरोडा नाक्याच्या अलीकडच्या त्यांच्या घरात जे काही घडतं ते या सहा रकान्यांतून घडतं. ‘उद्देश: सकाळचे दूध दुपारी का नासले ते पाहणे. साहित्य: दूध, पातेले, सूनबाई.’ सूनबाईंचं नाव साहित्यात आल्यावर मुलगा आठवडाभर वेगळा जेवत होता. पण ते पान मामांनी फाडलं नाही. प्रॅक्टिकल बुकाचं पान फाडायचं नसतं.

आता घाटाचं सांगतो. गल्लीतले एक आजोबा गेले आणि त्यांचा दहावा नेमका पितृपंधरवड्यात आला. गोदावरीकाठी गोवर्धन घाटावर ही गर्दी. पिंड मांडला, सगळे हात जोडून उभे राहिले, कावळा काही येईना. समोरच्या लिंबावर बसून होता, मान तिरकी करून बघत होता, पण खाली उतरत नव्हता. मग रीतीप्रमाणं वचनं सुरू झाली. थोरला पुढं झाला, “बाबा, आईला मी सांभाळतो.” कावळा ढिम्म. मधला म्हणाला, “बाबा, वावराची वाटणी तुम्ही म्हणला होताव तशीच करू.” कावळ्यानं चोच फांदीला घासली. धाकट्यानं दारू सोडली. थोरल्यानं मग आईला काशीला न्यायचं कबूल केलं. बोली चढत चालली होती. भटजींनी दर्भाचा कावळा करायला हातात दर्भ घेतला होता, तेवढ्यात कुणीतरी हळहळत म्हणालं, “काय राहिलं असंल हो म्हाताऱ्याच्या मनात?”

हा प्रश्न हवेला होता. मामांनी तो घेतला.

“मनात काही नाही. पंधरवडा चालूय. सकाळपासून तिकडं रांगेनं पिंड झालेत, त्याचं पोट भरलंय, ही एक गोष्ट. दुसरी, तुम्ही चाळीस माणसं पिंडाला खेटून उभे. तुम्ही जेवताना चाळीस जण असे बघत उभे राहिले तर घास उतरंल का? मागं सरा.” माणसं सरली. “अजून सरा. आणि कावळा चेहरा लक्षात ठेवतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात मुखवटे घालून कावळे पकडले, सोडून दिले. तोच मुखवटा घालून कुणी वर्षांनी आलं तरी कावळे अंगावर जायचे. तुमच्यात लहानपणी गलोल कोण मारत होतं?”

सगळ्यांनी मधल्याकडं पाहिलं.

“हा कावळा तेवढा जुना नसणार,” मामा म्हणाले, “पण तू जरा झाडामागं उभा राहा.”

मधला झाडामागं गेला. दोन मिनिटांत कावळा उतरला, पिंडाला शिवला, एक शीत उचलून गेला. भटजींनी दर्भ खाली ठेवला. मामांनी खिशातल्या कागदावर वेळ टिपली. त्यांना वाटलं, सुटका केल्याबद्दल कुणीतरी दोन शब्द बोलेल. आजोबांच्या मागं राहिलेल्या आजी मात्र आजही मामांचं नाव काढलं की तोंड फिरवतात. “अजून थोडा वेळ गप बसला असता तर काय बिघडलं असतं? थोरला वरची खोली माझ्या नावानं करून देतो म्हणायच्या बेतात होता!”

मामांचं सगळं आयुष्य हे असं. उत्तर बरोबर येतं आणि घरातलं कुणीतरी त्यात नुकसानीत जातं.

डाळीचंच घ्या. मागच्या गल्लीत नवी सून आली आणि त्या घरातलं वरण शिजेना. सासूबाई दारोदार सांगत फिरायच्या, लातूरची तूरडाळ आणली, तीन शिट्ट्या झाल्या, चार झाल्या, तरी दाणा दाताखाली कचकच करतोय. हाताला गुण लागतो बाई. मामांच्या कानावर हे आलं. ते दोन डबे, एक कुकर आणि वही घेऊन त्या घरी हजर. एकाच डाळीचे दोन वाटे. एका डब्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. कुकर एकच, आच एकच, शिट्ट्या त्याच. झाकण उघडलं तर एका डब्यात वरण, दुसऱ्यात डाळ.

आता यातलं कारण असं की आपल्या भागात बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. शिजताना तो सैल पडला की दाणा मऊ होतो. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला जाऊन बिलगतं आणि तो सैल पडायचा तो अधिक घट्ट होतो. म्हणून जुन्या बायका चिमूटभर खायचा सोडा टाकायच्या. सोड्यानं पेक्टिन तुटायला मदत होते. विष्णुपुरीचं पाणी नळाला रोज येत नाही, ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी त्या घरात बोअरचं पाणी कुकरला जायचं, आणि सासूबाईंची बोटं मोडली जायची सुनेवर. मामांनी वहीत निष्कर्ष लिहिला, ‘दोष पाण्याचा.’ सूनबाईंनी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. सासूबाई मामांना दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाऊ, हे असं वहीत लिहायची काय गरज होती?”

मे महिन्यात तर मामांना घरात घ्यायला लोक कचरतात. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही, अशा वेळी मामा ज्या घरात शिरतील तिथली खिडकी उघडतात. माणसानं एसीचा धडा कूलरला लावलाय, हे त्यांचं दुःख. कूलर म्हणजे भिजलेल्या वाळ्यातून ओढलेली हवा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साडेपाचशे कॅलरींच्या आसपास उष्णता लागते, ती त्या हवेतूनच घेतली जाते, हवा थंड होते. पण दारं-खिडक्या लावून बसलात की तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरते. दमट हवेत पाण्याची वाफ होत नाही आणि माणूस चिकट होऊन कूलरच्या कंपनीला शिव्या देतो. “हवेला बाहेर जायला वाट द्या,” म्हणत मामा खिडकी उघडतात. आतली माणसं ऊन येईल म्हणून ती लावतात. मामा पुन्हा उघडतात. मृगाचा पाऊस झाला की कूलर आपोआप निकामी होतो, तेव्हा ‘आता कसं वाटतंय?’ विचारायला तेच मामा पुन्हा येतात.

पावसावरून आठवलं. पहिल्या सरीनंतर मातीचा वास आला आणि आमच्या गल्लीतल्या हौशी कवीनं डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, तेव्हा मामा शेजारी उभे होते. “जिओस्मिन,” ते म्हणाले. “मातीतले जिवाणू तयार करतात. माणसाच्या नाकाला ते इतकं थोडं असलं तरी कळतं की मोजायला यंत्र दमतं. धरणाच्या पाण्यात शेवाळ वाढलं की तेच येतं. कवितेत आलं की सुगंध, नळाला आलं की महापालिकेकडं तक्रार.” कवीनं डोळे उघडले ते त्या हंगामात पुन्हा मिटले नाहीत.

पोरांशी मात्र मामांचं जमतं, कारण पोरांचं या उत्तरांत काही अडकलेलं नसतं. पोपट मिरची कसा खातो, याला तिखट लागत नाही का? नाही लागत. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या जिभेवरच्या ज्या कुलपात बसतं, ते कुलूप पाखरांचं वेगळं असतं, त्याला ही किल्ली लागत नाही. ते कुलूप शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस नावाच्या शास्त्रज्ञाला २०२१ चं नोबेल मिळालं. मिरचीचा त्यात स्वार्थ काय? आपण बी दातानं चावून मारतो, पाखरू ते अख्खं गिळून दूर नेऊन टाकतं. हे ऐकून पोरं गप बसतात. मग एखादं विचारतं, “मामा, मग मिरचीला कसं कळलं कोण पाखरू हाय ते?” मामांचा चेहरा उजळतो. हा प्रश्न त्यांना कुण्या प्राध्यापकानंही कधी विचारला नसेल. पुढचा अर्धा तास पोरांना घरी सोडत नाहीत.

मामांचा खरा सामना असतो तलाठी अण्णांशी. अण्णा समोरच्या घरात राहतात, महसुलातून निवृत्त झालेले. सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन खरी, तसं मोबाईलवर आलं की विज्ञान खरं, असा त्यांचा हिशोब. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, हे त्यांना रोज पहाटे कुणीतरी पाठवतं आणि ते रोज पहाटे मामांना ऐकवतात. मामांनी वाद घातला नाही. पानाच्या डबीतला चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, सकाळी वरची निवळी गाळून दोन वाट्यांत घेतली. दोन काचेच्या बरण्या. एकीत निवळीची वाटी आणि पिंपळाची ताजी डहाळी, दुसरीत नुसती वाटी. झाकणं घट्ट लावून दोन्ही बरण्या सांजेला अंधाऱ्या कपाटात ठेवल्या. पहाटे अण्णांसमोर कपाट उघडलं. डहाळीच्या बरणीतली निवळी दुधासारखी पांढरी झाली होती. म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दुसरी तशीच स्वच्छ. ऊन नाही तर पान ऑक्सिजन करणार कशातून? रात्री झाड आपल्यासारखाच श्वास घेतं.

अण्णांनी दोन्ही बरण्या हातात घेऊन पाहिल्या. “चुना खराब असंल,” म्हणाले.

“दोन्हीकडं एकच चुना हाय, अण्णा.”

“मग पिंपळ खराब असंल. ह्यो नाक्यावरचा दिसतोय. धूर खाऊन खाऊन बिघडलाय.”

मामांनी निष्कर्षाच्या रकान्यात हेही लिहून घेतलं, ‘अण्णांचे मत’ म्हणून.

पण मामांची गल्लीतली पत घसरली ती आवाजांच्या दिवसांत. २००६-०७ च्या सुमाराला नांदेडच्या जमिनीतून आवाज यायला लागले. धडाम, आणि मागोमाग भांडी किणकिणायची. कुणी म्हणालं बोअरवाल्यांनी सुरुंग लावले, कुणी म्हणालं जमिनीखाली गॅस साठलाय. किल्लारी काही फार लांब नव्हती, ना अंतरानं, ना काळानं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, आदल्या रात्रीच गणपती बोळवून लोक झोपलेले, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी दगडमातीची घरं माणसांवर बसली. मराठवाड्यात भांडं वाजलं की त्यानंतर कुणी हसत नाही. आवाज यायला लागल्यावर लोक रात्रभर अंगणात बसून काढायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं शहरात भूकंपमापक लावले. निघालं ते असं: धक्के अगदी बारीक, पण जमिनीखाली फार उथळ. खोल भूकंपातल्या बारीक, झटपट लहरी वर येईपर्यंत खडकातच जिरतात. उथळ असला आणि खडक कठीण असला की त्या थेट वर पोचतात, जमिनीचा पापुद्रा हवेला धक्का देतो आणि कानाला तोफ ऐकू येते.

मामांनी हे सगळं अंगणात बसलेल्या गल्लीला नीट सांगितलं. लोकांनी ऐकलं. मग विचारलं, “मोठा कधी येणार?”

“ते कुणालाच सांगता येत नाही. दिवस आणि वेळ सांगणारं यंत्र जगात नाही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटून उपयोग? निरीक्षण नाही.”

गल्ली नाराज झाली. एवढी वर्षं लॅबमध्ये घालवून माणसाला एक तारीख सांगता येऊ नये! दुसऱ्याच आठवड्यात एका ज्योतिषानं अमावास्या सांगितली. ती रात्र सगळ्यांनी पुन्हा अंगणात काढली, काही झालं नाही, आणि ज्योतिषाचा मान तसाच राहिला. त्यानं निदान काहीतरी सांगितलं होतं.

मामांनी मग स्वतःचं यंत्र बांधलं. चीनमध्ये चांग हंग नावाच्या माणसानं इसवी सन १३२ मध्ये काशाचा एक रांजण केला होता; धक्का बसला की त्यावरच्या ड्रॅगनच्या तोंडातला गोळा खालच्या बेडकाच्या तोंडात पडायचा. मामांकडं ड्रॅगन नव्हता. त्यांनी फडताळात स्टीलच्या परातीत एक पेला पालथा ठेवला, त्याच्या बुडावर दुसरा सुलटा, त्याच्या तोंडावर तिसरा पालथा आणि सगळ्यात वर काचेची गोटी. काही हललं की गोटी परातीत.

“त्या चिन्याच्या घरात बायको होती का हो?” मामींनी विचारलं.

यंत्र उत्तम चाललं. चांगलं सोळा-सतरा वर्षं चाललं. ट्रक गेला की गोटी पडायची. मांजरानं उडी मारली की पडायची. रात्री तीनला परात वाजली की मामा बॅटरी घेऊन उठायचे, वहीत ‘मांजर, ३.१०’ लिहायचे, पेले पुन्हा रचायचे आणि झोपायचे. मामी मात्र त्यानंतर जाग्याच राहायच्या. २०२४ च्या संक्रांतीनंतर नोंदी एकाएकी थांबल्या. रोज एकच ओळ: ‘यंत्र स्थिर.’ महिना गेला, दुसरा गेला. मामांनी कधी नव्हे ते अण्णांना वही दाखवली. “मी निष्कर्ष काढत नाही. पण ट्रकसुद्धा नोंदला गेला नाही, हे नवल हाय.”

२१ मार्चला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला. नांदेडात पंखे हलले, तावदानं वाजली, गल्ली जिन्यावरून खाली. मामी बाहेर, सून बाहेर, अण्णा टॉवेलवर बाहेर. मामा आत. फडताळ उघडून बॅटरी मारून उभे. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का आला, तो थोडा कमी, ३.६ चा. तोही त्यांनी आतूनच पाहिला. फडताळाचं दार हललं, परात किणकिणली, पेले जागचे हलले नाहीत. गोटी वर तशीच.

मामांनी वरचा पेला धरून उचलला. तिन्ही पेले एकदम वर आले, गोटीसकट, आणि परातही बोटभर उचलली जाऊन खाली आदळली.

“एमसील हाय ते,” मामी दारातून म्हणाल्या. “नळाला लावून उरलं होतं. रोज रात्री झोप मोडूलाली. चिकटवून टाकलं.”

“कधी?”

“संक्रांतीच्या आदल्या दिवशी. आता बाहेर या आधी.”

बाहेर गल्ली वाट बघत होती, मामा काय सांगतात याची. मामा आले, ओट्यावर बसले, वही उघडली, संक्रांतीपासूनच्या सगळ्या ओळींच्या समासात तांबड्या शाईनं ‘यंत्र सदोष’ लिहीत गेले. अण्णांनी वाकून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, “म्हणजे नोंद बाद.”

“बाद नाही, सदोष,” मामा म्हणाले आणि पेनाचं टोपण काढून मामींकडं वळले. “लावलं ते किती वाजता? वाळायला किती वेळ लागला? आणि मांजर तेव्हा कुठं होतं?”